थर्माकोलचं दार

उषाबाईंनी फळीवर पाय आपटला, तशी खिडकीशी बसलेली चंचल गर्रकन वळली आणि आजीकडे बघून खुदकन हसली.

"देख! आयकस का नही?" उषाबाईंनी सुनेकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू कोर्टात पुरावा मांडलाय आणि आता फक्त निकाल वाचायचा बाकी आहे. "तुले कोनी सांगं पोर आयकत नही म्हनीसन?"

"आई, फळी हलते म्हणून ती वळते."

"मंग फळी का मुक्याने हालस? आवाज व्हस तवयच हालस ना!"

उज्ज्वलाच्या मांडीवर साड्यांचा ढीग होता, बोटांत धागे कापायची छोटी कातर. तिनं साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापायला सुरुवात केली. नजर मात्र चंचलवर. ही नजर गेले कित्येक महिने चंचलवरून हटली नव्हती. मुलगी अडीच वर्षांची झाली, हसते, रुसते, बोट धरून माठाजवळ नेते, नको असलेला घास तोंडातून नेमका आजीच्या पदरावर काढते. पण शब्द? एक नाही. 'आई' नाही, 'पाणी' नाही, काहीच नाही.

घर सुरतेजवळ कडोदऱ्याला, लूमच्या खात्यावर, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातच. खाली शेठचे संचे, म्हणजे यंत्रमाग, वर कारागिरांच्या खोल्या. लोखंडी गर्डरांवर फळ्या टाकून केलेल्या. दोन्ही पाळ्यांत संचे धडधडत असायचे आणि वरची सगळी जमीन अंगात ताप भरल्यासारखी थरथरत असायची. लग्न होऊन आल्यापासून उज्ज्वलानं या घरात तांब्यातलं पाणी स्थिर पाहिलं नव्हतं. इथे कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. जेवायला बोलवायचं तर पाय आपटायचा, चहा हवा तर अंगठा ओठाशी न्यायचा, 'नको' म्हणायचं तर पंजा हवेत पुसायचा. तिचा नवरा भूपेंद्र बाजारात गेला तरी दुकानदाराशी आधी हातांनीच बोलायचा आणि मग लाजून तोंड उघडायचा. सासरे उखाजी हयातभर लूमवर राबले. शेवटची काही वर्षं ते ठार बहिरे होते, हे त्यांच्या घरच्यांना ते गावी जाऊन राहिले तेव्हा कळलं. सुरतेच्या घरात बहिऱ्या माणसाचं काही अडतच नव्हतं.

आणि नेमकी हीच गोष्ट उज्ज्वलाला खात होती.

वीज गेली आणि खालचे संचे थांबले, की ती हळूच चंचलच्या मागे जाऊन हाक मारून बघायची. मुलगी वळायची नाही. पण वीज गेली म्हणजे साऱ्या चाळीची पोरं गॅलरीत धुडगूस घालायची, आणि उषाबाई म्हणायच्या, "खेळात शे ती. तू खेळात व्हतीस तवय आयकत व्हतीस का तुन्ही मायनं?"

भूपेंद्रचं वेगळंच. "अगं, मी चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होतो. आता बघ, तूच मला गप्प बस म्हणतेस." हसून झालं, की त्याचा चेहरा हळूच उतरायचा. "दवाखान्यात एकदा नेली ना, की तिच्या नावापुढे चिकटतं ते. पुढे पोरीच्या जातीला... जाऊ दे. वर्षभर थांबू."

वर्षभर. उज्ज्वलानं वाचलं होतं, की कानात कमी असेल तर ते तीन वर्षांच्या आत कळलेलं बरं. त्या वयात मेंदू शब्दांची वाट बघत बसलेला असतो, आणि तो काही जन्मभर वाट बघत नाही. हे तिनं भूपेंद्रला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "फोनवर काहीही लिहितात." त्याच फोनवर, त्याच संध्याकाळी, त्यानं लिंबानं टक्कल जातं हे मात्र विश्वासानं वाचलं.

अशा या घरात एका सकाळी वाल्मिकभाऊ आले.

वाल्मिकभाऊ म्हणजे समाजाचे कार्यकर्ते. मंडळाच्या गणपतीपासून नगरसेवकाच्या नातवाच्या वाढदिवसापर्यंत सगळीकडे ते पांढऱ्या शर्टात पुढे उभे असत. कोणाच्या नजरेत येण्याची संधी त्यांनी आजवर वाया घालवलेली नव्हती. आल्या आल्या त्यांनी खालच्या धडधडीवर मात करून ओरडायला सुरुवात केली.

"भाभी, देशाचं धोरण ठरतंय! लांब पल्ल्याचं! दोन हजार पन्नासपर्यंतचं! सामाजिक आव्हानं, आर्थिक आव्हानं, सगळं एकदम सोडवून टाकणार. आणि विचारविनिमय कुठे? तर आपल्या सुरतेत!"

"आपल्याला विचारून?" उज्ज्वलानं विचारलं.

"विचारूनच तर! म्हणून तर बायका लागतात. बस येईल, एसी. त्यांना एक बाई अशी पाहिजे, की बाहेरून आलेली, घरबसल्या काम करणारी, शिकलेली आणि कडेवर लेकरू." गिऱ्हाईक हव्या त्या साडीचं वर्णन करतं तसं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. "आपल्या सगळ्या लाइनीत बी.ए. झालेल्या तुम्हीच. थोडं बोलायचं. विषय पण दिलाय त्यांनी: 'दोन हजार पन्नासमध्ये माझी मुलगी'."

उज्ज्वलाला हसू आलं. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं होतं तिनं, शिरपूरच्या कॉलेजात. पंचवार्षिक योजनांवरचा प्रश्न ती कधी सोडायची नाही. उत्तर ठरलेलं असायचं. आधी उद्दिष्टं, पान भरून. मग वैशिष्ट्यं, तीही पानभर. आणि सगळ्यात शेवटी, वेळ संपत आली की, मूल्यमापन: चार ओळी, की अपेक्षित यश मिळाले नाही. योजना बदलायची, चार ओळी तशाच राहायच्या. सरांनी कधी एक गुण कापला नाही. आता देशाला एकदम पंचवीस वर्षांची उद्दिष्टं सुचली होती; म्हणजे मूल्यमापन लिहायला कोणी हयातच नको, अशी सोय.

"मला नाही जमायचं, भाऊ," असं ती म्हणणार, तोच तिची नजर त्यांच्या हातातल्या रंगीत निमंत्रणावर गेली. भाषणं, चर्चा, भोजन, आणि खाली बारीक अक्षरांत: 'प्रदर्शन दालनात बालश्रवण तपासणी केंद्र'.

"भाऊ, हे खरंच आहे तिथे? लहान मुलांचे कान तपासतात?"

"छापलंय म्हणजे असणारच ना, भाभी! एवढे मोठे लोक खोटं छापतील?"

त्या दिवशी घरात पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं. भूपेंद्र म्हणाला, "दवाखानाही नाही, कोणाला कळायचंही नाही. जा. आईला घेऊन जा." उषाबाईंना सुनेच्या खुळापेक्षा वेगळाच प्रश्न होता.

"जेवाण शे का तठे?"

"आहे आई. बुफे."

"मंग जाऊत. डॉक्टरच सांगी तुले, पोर चांगली शे. तुन्हा जीव तरी थंडा व्हई."

बस खरंच एसी होती. पर्वत पाटियाच्या चौकात ती एवढा वेळ अडकली, की निम्म्या बायकांना डुलकी लागली. हॉटेलच्या दारात ब्लेझर घातलेल्या मुलींनी प्रत्येकीच्या गळ्यात एक केशरी पट्टा आणि एक बिल्ला अडकवला.

"हाई काय लिखेल शे?" उषाबाईंनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"हितधारक."

"म्हंजे?"

"ज्याचं हित दुसरे लोक बघतात, तो."

उषाबाईंनी मान डोलावली. त्यांना ते फार सन्मानाचं वाटलं.

आत गेल्यावर उज्ज्वलाला कान बंद झाल्यासारखं वाटलं. हॉल इतका गप्प होता. पायाखाली जाड गालिचा, भिंतींना मखमल, छतातून येणारी गार हवासुद्धा दबक्या पावलांनी येत होती. टेबलांवर पाण्याचे ग्लास होते आणि त्यांतलं पाणी हलत नव्हतं. चंचलही बावरली. तिनं खाली बसून दोन्ही तळवे गालिच्यावर टेकले, थोडं सरकून पुन्हा टेकले, आणि आईकडे अशा चेहऱ्यानं पाहिलं, की जणू घरातून काहीतरी हरवलंय आणि ते कोणी नेलं ते तिला कळत नाहीये. तिनं मुलीला उचललं आणि तडक प्रदर्शनाचं दालन गाठलं.

बालश्रवण तपासणी केंद्र होतं. अगदी होतं. काचेच्या मोठ्या टेबलावर, थर्माकोलचं. दोन हजार पन्नासमधलं आदर्श आरोग्य संकुल असा त्यावर फलक होता. कापसाची झाडं, आरशाचं तळं, तळ्यात प्लास्टिकची बदकं, आणि कोपऱ्यात एक टुमदार खोली, तिच्यावर पाटी, आणि पाटीखाली उघडमीट करणारं चिमुकलं निळं दार.

टेबलाशी उभ्या मुलीच्या छातीवर 'स्वाती' असं नाव होतं. ती हसून म्हणाली, "नमस्कार मॅम! संकुल बघायचंय?"

"कान तपासायचेत. हिचे. कुठे बसायचं?"

स्वातीनं मॉडेलकडे पाहिलं, मग चंचलकडे पाहिलं. "मॅम, हे प्रस्तावित आहे."

"म्हणजे आज नाही."

"दुसऱ्या टप्प्यात येतं. पहिल्या टप्प्यात गरजांचा अभ्यास आहे."

"माझी गरज मी सांगते ना तुम्हाला, अभ्यास कशाला? मशीन कुठे आहे?"

"मशीन..." स्वातीचं हसू जाग्यावरच होतं, डोळे तेवढे कावरेबावरे झाले. "मॅम, मॉडेलला हात नका लावू देऊ बेबीला. सर रागावतात."

चंचल त्या निळ्या दाराशी खेळत होती. उघड, मीट, उघड, मीट. उज्ज्वलानं तिला ओढून कडेवर घेतलं. उषाबाई बदकांकडे टक लावून बघत होत्या.

"व्हयनं का तपासीसन?"

"झालं," उज्ज्वला म्हणाली. "पंचवीस वर्षांनी निकाल मिळेल."

तेवढ्यात सगळ्यांना हॉलमध्ये बसवण्यात आलं. हितधारक बायका मागे, अधिकारी आणि प्राध्यापक पुढे. व्यासपीठावर अध्यक्षमहोदय होते. धोरणाचा मसुदा त्यांच्या हाताखाली तयार झाला होता आणि ते सारखे 'हाताखाली' हा शब्द वापरत होते. त्यांच्या शेजारी संचालिकाबाई, सिंथेटिक साडीवर जगणाऱ्या शहरात मुद्दाम हातमागाची साडी नेसून आलेल्या. पडद्यावर धोरणाचे स्तंभ दिसू लागले. पहिला स्तंभ, दुसरा स्तंभ, स्तंभामागून स्तंभ. प्रत्येकाला वेगळा रंग आणि प्रत्येकात माणूस 'केंद्रस्थानी'. एवढे खांब उभे करून त्यावर छप्पर कुठे टाकलंय, ते मात्र कुठल्याच चित्रात नव्हतं.

"आपल्याला तात्कालिक विचारातून बाहेर यायचंय," अध्यक्ष सांगत होते. "आज, उद्या, परवा, हीच आपली दरिद्री सवय. राष्ट्र पिढ्यांमध्ये विचार करतं."

उज्ज्वलाच्या मनात आलं, की या गृहस्थांचा चहा आत्ता वेळेवर आला नाही, तर पिढ्यांचा विचार किती वेळ टिकेल? तिच्या मांडीवरून उतरून चंचल खुर्च्यांच्या मधल्या वाटेत बसली होती. मूठ घट्ट मिटलेली, दुसऱ्या हातानं गालिच्यातला धागा उपटत होती. धागे उपटणं रक्तातच असावं.

आणि तेव्हा माइक किंचाळला.

कोणीतरी मागचा स्पीकर चुकीच्या ठिकाणी सरकवला होता म्हणे. सुई मेंदूत घुसावी तसा तो चीत्कार सगळ्या हॉलमधून गेला. अध्यक्षांनी कान झाकले. संचालिकाबाईंनी डोळे मिटले. बायकांच्या मांडीवर झोपलेली सगळी लेकरं एकदम दचकून रडायला लागली. उषाबाईंनी दोन्ही हात कानांवर दाबून "अरे देवा" म्हटलं, आणि तशाच अवस्थेत त्यांची नजर खाली गेली.

चंचल धागा उपटत होती.

आवाज अजून चालूच होता. तिनं मान वर केली नाही. खांदा हलला नाही. धागा निघाला, तशी ती स्वतःशीच हसली आणि दुसरा शोधू लागली.

उषाबाईंनी हात कानांवरून काढले नाहीत. आवाज थांबला, लोक हसले, अध्यक्षांनी "तंत्रज्ञान हाही आपला एक स्तंभ आहे" असा विनोद केला, तरी त्या तशाच बसून नातीकडे बघत होत्या. उज्ज्वलानं त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. इतके महिने हाच क्षण हवा होता तिला. सासूनं मान्य करावं, नवऱ्यानं मान्य करावं. आता तो आला तर तिला वाटलं, आई, तुम्ही म्हणता तेच खरं असू द्या. खेळात आहे ती, असं एकदा म्हणा.

उषाबाईंनी कानांवरचे हात हळूच काढून मांडीवर ठेवले.

"आणि आता," निवेदिकेचा आवाज आला, "थेट तळागाळातून! कडोदऱ्याहून आलेल्या उज्ज्वलाताई, आपल्या लेकीसह!"

वाल्मिकभाऊंनी मागून तिला जवळजवळ ढकललंच. "जा भाभी! स्वप्न सांगा, स्वप्न! रडगाणं नको."

व्यासपीठ प्लायवूडचं होतं. वर चढताना पोकळ वाजलं. उज्ज्वलानं चंचलला खाली उतरवलं, तिचं तोंड फुलदाणीकडे केलं आणि स्वतः तिच्या मागे माइकपाशी उभी राहिली. पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं.

"चंचल," ती माइकमध्ये म्हणाली.

हॉलच्या टोकापर्यंत नाव गेलं. मुलगी फुलाच्या पाकळ्या काढत राहिली.

"चंचल. ए चंचल!"

पुढच्या रांगेत कोणीतरी कौतुकानं हसलं.

"ही माझी मुलगी," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "दोन हजार पन्नासमध्ये ती काय होईल, हे सांगायला मला बोलावलंय. मला तेवढं लांबचं दिसत नाही. तिला ऐकू येत नाही, असं मला वाटतं. तीन वर्षांच्या आत कळलं तर काही करता येतं म्हणतात. ती अडीचची झाली. तुमच्या बाहेरच्या मॉडेलमध्ये कान तपासायची खोली आहे. तशी खरी खोली आज, या शहरात, कुठे आहे? एवढंच सांगा. बाकी धोरण तुमचं चालू द्या."

संचालिकाबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. अध्यक्षांनी समजूतदारपणे मान हलवली.

"अतिशय मौलिक सूचना. ताई, तुम्हाला ऐकून आनंद होईल, की हा मुद्दा आपल्या तिसऱ्या स्तंभात अंतर्भूत आहे."

"तिसऱ्या स्तंभाचा पत्ता काय?"

मागच्या बायकांमध्ये खसखस पिकली. अध्यक्षांना ती आवडली नाही. पण माणूस मुरलेला होता. असल्या प्रसंगी लहान मुलाला जवळ घ्यायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. ते खुर्चीतून उठले आणि प्लायवूडवर दणदण पावलं टाकत चंचलकडे निघाले. दुसऱ्याच पावलाला चंचल गर्रकन वळली आणि त्यांच्याकडे बघून खुदकन हसली.

"बघा!" अध्यक्षांनी दोन्ही हात पसरले. "बघा, पाठमोरी होती, तरी माझी चाहूल लागली! किती छान प्रतिसाद देते मुलगी! ताई, आईचं मन काळजी करतंच. पण भीती बाळगू नका, हीच तर आपली उद्याची शक्ती आहे!"

टाळ्या पडल्या. जोरदार पडल्या. एवढे शिकलेले, एवढ्या देशांचा अभ्यास केलेले लोक. आणि चूक केली तर कोणती? कडोदऱ्याच्या फळीवरची. फरक इतकाच, की तिथे उषाबाईंसाठी कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

टाळ्या संपता संपता मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली.

"साहेब!" उषाबाई उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर घसरला होता. लूमवर बोलायची सवय, त्यांना माइकची गरज नव्हती. "साहेब, ती आयकत नही! तुम्हना पाय पडना, फळी हालनी, म्हनीसन वळनी ती! मी बी रोज हाईच करस!"

"काय म्हणतायत आजी?" संचालिकाबाईंनी विचारलं.

"आशीर्वाद देतायत," निवेदिका झटकन म्हणाली. "अहिराणी बोली! किती गोड! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

उज्ज्वला मुलीला उचलून खाली उतरली. व्यासपीठावर पुढचा विषय सुरूही झाला होता. पाणी, की कौशल्य, असं काहीतरी. उषाबाई वाटेतच भेटल्या. त्यांनी चंचलच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि तो तसाच मधे थांबवला. मग त्या वाकल्या, नातीच्या समोर आल्या, तिच्या डोळ्यांत बघून काही तरी म्हणाल्या. अगदी हळू. उज्ज्वलालाही ऐकू आलं नाही.

"चाल व पोरी," मग त्या सुनेला म्हणाल्या. "सरकारी दवाखाना कोठे शे?"

दारात वाल्मिकभाऊ आडवे आले. "अरे भाभी, चाललात कुठे? ग्रुप फोटो आहे! तुमची बेबी पुस्तकाच्या कव्हरवर घेणार म्हणतात! हसरं बाळ, भविष्याचं प्रतीक. नशीब काढलं पोरीनं!"

"भाऊ, दवाखाना बंद होईल."

"आणि जेवण? आजी, पनीर आहे, जिलेबी आहे, उंधियू पण आहे. एक तास थांबा फक्त!"

उषाबाईंनी गळ्यातला केशरी पट्टा काढला, बिल्ला काढला आणि दोन्ही त्यांच्या हातात ठेवले. "हाई घे. तुम्हनं जेवाण तुम्हीच खा, आन् फोटोमा बी तुम्हीच हासा. तुम्हना दात चांगला शेत."

भाऊंनी नकळत तोंड मिटलं.

दोघी रिक्षात बसल्या. बाहेर टेम्पो, दुचाक्या, साड्यांचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या. हॉर्नांचा नुसता कल्लोळ. चंचल त्यातून आरामात बाहेर बघत होती. आता ते बघणं उज्ज्वलाला बघवेना.

"भूपा काय म्हनी?" उज्ज्वलानं विचारलं. अहिराणी तिच्या तोंडून सहसा निघायची नाही.

"भूपाले मी सांगसू. त्यान्हा बाप आयकत नव्हता, ते बी माले समजनं नही." उषाबाईंनी नाक ओढलं. "घर कसं शे आपलं. कोनी कोनले हाकच मारत नही."

मग त्यांचं लक्ष चंचलच्या मुठीकडे गेलं. "हिन्हा हातमा काय शे, देख. मघापासून सोडत नही."

बोटं एकेक करून उघडली तर आत निळं दार. थर्माकोलचं, बिजागरीची चिकटपट्टी लोंबणारं. उज्ज्वला बघतच राहिली. पन्नास सालापर्यंत आता त्या केंद्राचं दार सताड उघडं राहणार होतं, आणि सर रागावणार होते. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला इतकं रडू आलं, की रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि "बेन, पाणी आपू?" असं विचारत बाटली मागे धरली.

सरकारी दवाखान्यात गर्दी होती. बाकावर एकमेकींना चिकटून बसलेल्या बाया, खोकला, रांग मोडणाऱ्याशी भांडण. इथे पायाखाली साधी फरशी होती आणि भिंतीवर कसलेही स्तंभ नव्हते. कानाच्या विभागाकडे बोट दाखवायला एका शिपायाला अर्धा क्षणही लागला नाही. जणू ही खोली कायम इथेच होती आणि ती कुठे आहे हे विचारायला कोणी हॉटेलात जात नसतं. उज्ज्वलाला स्वतःचाच राग आला. घरून फुकटची परवानगी मिळावी म्हणून आपण एका रंगीत कागदावर भरवसा ठेवला, आणि ही खोली एका रिक्षेच्या अंतरावर होती.

नंबर आला तेव्हा दुपार कलत आली होती. तपासणारी मुलगी तरुण होती, डोळे दमलेले. ती गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाली, "बेन, बेबीला मांडीवर घ्या. मी मागून आवाज करणार. तुम्ही कोणी हलायचं नाही, हात लावायचा नाही, इशारा करायचा नाही. घरी तिला कसं बोलावता?"

उज्ज्वलानं उषाबाईंकडे पाहिलं.

"पाय आपटीसन," उषाबाई म्हणाल्या. मग हिंदी शोधत, एकेक शब्द ठेवत, "मैं पैर पटकती हूँ, वो पलटती है. सुनती नहीं. मैं बोलती थी सुनती है. झूठ बोलती थी."

"झूठ नहीं, बा," मुलगी म्हणाली. "पुष्कळ घरांत होतं असं. लूमवर राहता ना?" आणि तिनं एवढं सहज विचारलं, की उषाबाईंचा रोखलेला श्वास सुटला. "आज कच्ची तपासणी करू. मग झोपवून मशीनवर पक्की करावी लागेल, त्याची तारीख देते. आधी बेबीच्या हातात काहीतरी द्या. आवाज न करणारं. खुळखुळा नको. तिचं लक्ष हातात राहिलं पाहिजे."

टेबलावरची खेळण्यांची टोपली दुसऱ्या खोलीत गेली होती. उज्ज्वलानं पर्स चाचपली. कातर, रुमाल, बिस्किटांचा पुडा, पण पुडा वाजतो. मग तिनं चंचलची मूठ सोडवली आणि ते निळं दार तिच्या समोर धरलं.

"हे चालेल?"

"एकदम बराबर. काय आहे हे?"

"राष्ट्रीय धोरण," उज्ज्वला म्हणाली. "अजिबात आवाज करत नाही."

मुलीला ते कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. तिनं खोलीचं खरं दार लावलं. जाड, जड, कडांना रबर असलेलं. बाहेरचा गोंगाट थांबला. चंचल आईच्या मांडीवर बसून थर्माकोलचा तुकडा उघडमीट करू लागली, जरी उघडायला आता काही उरलं नव्हतं.

मागे, उजव्या बाजूला, पहिला आवाज झाला.

समोरच्या खुर्चीत उषाबाई बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय सवयीनं उचलला गेला, टाच फरशीला टेकणार एवढ्यात त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा पकडला. मग पायच नकोत म्हणून त्यांनी दोन्ही पाय वर घेतले, लुगड्याखाली मुडपले, आणि खुर्चीवर मांडी घालून, ओठ घट्ट मिटून, त्या नातीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

दुसरा आवाज झाला, आधीपेक्षा मोठा. चंचलनं निळं दार पुन्हा एकदा मिटलं.